पागामे

फैजपूरची रूपा ऑनलाइन क्लासमध्ये स्पॅनिश शिकली आणि त्या जोरावर तिला जळगावात नोकरी लागली. मोबाइल ॲपवरून कर्ज घेतलेल्या पेरू देशातल्या लोकांना फोन करून वसुली करायची, एवढंच काम. पहिल्याच सकाळी मॅनेजरने स्क्रीनवर एका म्हातारीचा फोटो उघडला. चेहरा तिचा, पण त्याला उघडंनागडं धड दुसऱ्याच कुणाचं जोडलेलं. “हिने दोनदा फेडलंय, पण घाबरली की अजून देईल. हा फोटो तिच्या चर्चमधल्या बायकांना पाठवू म्हणून सांग.” रूपाने फोटोवरून नजर काढली, फोन लावला आणि पाठ करून घेतल्याप्रमाणे ओरडली, “पागामे!” ‘पागा’ म्हणजे दे, त्याला चिकटलेलं ‘मे’ म्हणजे मला. पलीकडून थकलेला आवाज आला, “पोरी, मी तुझ्या आजीच्या वयाची आहे. मला ‘पागेमे’ म्हणावं. द्या, असं.” रूपाची कानशिलं तापली. घरच्या शेतात केळीचे घड कापायला येणाऱ्या मजूर झुलालभाऊंनाही तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. फोटोपेक्षा आता तिला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. शेजारी उभ्या मॅनेजरला स्पॅनिशचं अक्षरही कळत नव्हतं. ती माइकवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “नो मे पागे, सेन्योरा. मला काही देऊ नका, बाई. तडक पोलिसांकडे जा.” मग तिने हेडफोन काढला, स्क्रीनचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये घेतला आणि पर्स उचलली. “काय म्हणाली? देते ना?” मॅनेजरने विचारलं. “मीच नको म्हणाले,” रूपा म्हणाली आणि पोलीस ठाण्यात जायला जिना उतरली.