झोपाळू अस्वल
'अस्वलाचं चित्र असलेली फाइल म्हणजे व्हायरस! डिलीट करा, सगळ्यांना कळवा.' ईमेल वाचून निवृत्त मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटरमधलं अस्वल कायमचं उडवलं, गोतावळ्यालाही हुकूम सोडला. लेकांची, सुनांची उत्तरं आली, 'उडवलं.' दुपारी आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला. खिडकीच्या पडद्याची सावली भिंतीवर अस्वलासारखी डुलू लागली आणि दिवंगत बायको म्हणाली, "एक होतं झोपाळू अस्वल..." ते दचकून उठले. नातवंडांसाठी तिने रेकॉर्ड करून सगळ्या मुलांना पाठवलेली हीच गोष्ट त्या फाइलीत होती! तिचा आवाज सहन होणार नाही म्हणून त्यांनी ती कधी उघडलीच नव्हती. व्हायरस कसला, शुद्ध थाप! धाकट्या लेकीचं उत्तर तेवढं आलं नव्हतं. तिच्या लग्नापासून दोघांत अबोलाच होता. त्यांनी तिला फोन लावला. "तूही उडवलंस का गं?" "बाबा, मी तुमचं कधी ऐकलंय?" पलीकडून बायकोचा आवाज आला, "...पण हाक मारली की उठायचं."