खरवडलेला भाऊ

तुर्कस्तानातल्या मिलास गावी आमच्या घरात नेजदेतदादा सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. त्याच्याकडच्या रोमन नाण्यावर पूर्वी दोन भावांचे चेहरे होते. थोरल्या सम्राटाने धाकट्याला मारलं आणि त्याचा चेहरा नाण्यांवरून खरवडायला लावला.

"बस की जरा, फरशी झिजेल!" ऑलिव्ह निवडता निवडता आई म्हणाली.

"आई, दोन्ही चेहरे शाबूत असलेलं एक तरी नाणं मला हवंय गं! पण खुद्द सम्राटाचा हुकूम मोडून ते लपवणार तरी कोण?"

आई उठली आणि तिने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.



भांडणानंतर धाकट्या भावाचा, तुर्गायचा, चेहरा कापून काढून दादाने भिंतीवर लावलेल्या फोटोची दुसरी, अख्खी प्रत तिने पीठ झटकून त्याच्यापुढे ठेवली.