सदतीस स्थळं

"मोबाइलवर पोरगी मुंगीएवढी दिसते," अशी आईची तक्रार. म्हणून दर रविवारी मी तिला शेणव्याहून शहापूरला, संघरत्ना चालवते त्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात न्यायचो. तिथल्या मोठ्या स्क्रीनवर आई माझ्यासाठी स्थळं बघायची. तिला आवडलेलं प्रत्येक स्थळ मी बुकमार्क करायचो आणि म्हणायचो, "पुढच्या रविवारी ठरवू."

दोन वर्षांत सदतीस स्थळं साठली. एकालाही मी होकार दिला नाही. लग्न ठरलं असतं, तर संघरत्नाच्या दुकानात जायला निमित्त कुठलं उरलं असतं?

या रविवारी पोचलो, तर संघरत्ना खाली मान घालून म्हणाली, "महेंद्र, कॉम्प्युटर अपडेट झाला. तुमचे सगळे बुकमार्क उडाले."

मी कपाळाला हात लावला. पोटात मात्र म्हशाच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यासारख्या गुदगुल्या होत होत्या.

"अरेरे! आता पहिल्यापासून शोधायला लागणार गो आई! अजून दोन वर्षं तरी जातील!" एवढं मोठं दुःख झाल्यामुळे मी तिघांना चहा मागवला, वर भजीही सांगितली.

संघरत्ना हसू दाबत, स्वच्छच असलेला कीबोर्ड पुसत राहिली. आईने शांतपणे चहा बशीत ओतला.



"दोन वर्षं नाय लागायची. काल फोन करून मीच हिला अपडेट मारायला सांगितलं. पुढच्या रविवारी पोहे खायला हिच्याच घरी जायचंय."