कोरी तारीख

"ओ निगेटिव्ह दाता एकही नाही. संगणकच सांगतोय," रक्तपेढीतले खाडिलकर सर म्हणाले. वर शस्त्रक्रियागृहात बाळंतीण रक्तासाठी खोळंबली होती.

"संगणकाला आपण काय विचारलं, ते आधी बघू," म्हणत ऋजुताने खुर्ची ओढली.

तिने शोधातली एकेक अट काढून पाहिली. गावाची काढली, कुणी नाही. वयाची काढली, तरी कुणी नाही. 'शेवटचं रक्तदान तीन महिन्यांपूर्वीचं' ही अट काढली आणि चार नावं आली. तिघांनी नुकतंच रक्त दिलं होतं. चौथ्या सुलभा वायंगणकर. त्यांच्यापुढे तारीखच कोरी. ज्यांनी कधी रक्त दिलंच नाही, त्यांना ही अट सरसकट गाळत होती!

शेजारी शेरा होता: संकष्टीचा उपवास, शिबिरातून परत पाठवलं, पुन्हा बोलवावं.

"आजही संकष्टीच आहे," सर पुटपुटले.

ऋजुताने तरीही फोन लावला. "मावशी, रक्तपेढीतून बोलतेय. तातडीने रक्त हवंय. पण आज उपवास असेल ना?"

"छे! त्या शिबिरापासून दर संकष्टीला पोटभर जेवते मी. नेमका त्याच दिवशी तुमचा फोन आला तर? सांगा, कुठे येऊ?"