मेकचं टेक

“अगं, टेक नाही, मेक!” कारकुनाने अर्ज अधिकारी मॅडमपुढे सरकवला आणि तो मनापासून हसला. “मेक ॲन एक्सेप्शन म्हणजे अपवाद करणं. टेक एक्सेप्शन म्हणजे आक्षेप घेणं. हिने तर चक्क आपल्या नियमावरच आक्षेप घेतलाय, मॅडम.”

तृप्तीचे कान तापले. बारावीला इंग्रजीत ब्याऐंशी गुण मिळवलेल्या मुलीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मसुद्यात मेकच होतं. नियमाला माझ्यापुरता अपवाद करावा, एवढीच विनंती. घोटाळा केला होता तो या सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या लताबाईंनी. डोळ्यांवर जाड भिंगं, पुढ्यात जुनाट कॉम्प्युटर. मसुदा वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “जातीचा दाखला उशिरा मिळाला, तो तुझ्यामुळे की त्यांच्यामुळे?”

“त्यांच्यामुळे. याच इमारतीत वरच्या मजल्यावर अडकला होता,” तृप्तीने सांगितलं. लताबाईंनी खटाखटा टाइप करून कागद हातात दिला आणि तृप्तीने घाईघाईत सही ठोकली. न वाचता! एवढी हुशार म्हणवणारी पोर, आणि नेमकी इथेच माती खाल्ली.

वसतिगृहाच्या अर्जाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. तिथे जागा मिळाली तर नाशिकचं कॉलेज, नाही तर संध्याकाळच्या एसटीने गावी, पेठला परत. शहरात खोली घेऊन राहणं तिच्या घराला झेपणारं नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईला, सावित्रीबाईला, इंग्रजी कळत नव्हतं, पण कारकुनाचं हसणं बरोबर कळलं. तिने लगेच हात जोडले. “चुकलं असंल सायेब. लेकरू हाय. आम्ही दुसरा कागद आणतो.”

“आणा की,” कारकून म्हणाला. “मेक करून आणा. मॅडम लगेच निकाली काढतील.”

तृप्तीने आईच्या त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. गेल्या दीड महिन्यात या इमारतीच्या कुठल्या कुठल्या टेबलांपुढे ते जोडले गेले होते, हे तिने पाहिलं होतं. तिला एकदम राग आला, आणि तो लताबाईंचा नव्हता. त्या रागात तिला तो चुकलेला शब्द अगदी बरोबर वाटायला लागला.

तिने आईचे हात हलकेच खाली घेतले. “कागद बदलायचा नाही, मॅडम. टेकच बरोबर आहे. दाखला तुमच्याच लोकांनी उशिरा दिला, आणि मुदत मात्र माझी संपली म्हणता. या नियमावर माझा आक्षेप आहे.”

कारकुनाचं हसू जागच्या जागी विरलं. मॅडमनी चष्मा चढवला. अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला, खालची सही पाहिली, तिच्या शेजारी अर्ज दाखल झाल्याचा नुकताच मारलेला आवक शिक्काही पाहिला.

“विनंती असती तर मी आत्ताच नामंजूर केली असती,” त्या म्हणाल्या. “अशा रोज वीस येतात. पण आक्षेपाला मला लेखी उत्तर द्यावं लागतं. आणि उशीर कुणाचा, तेही त्यात लिहावं लागतं.”

ते लिहिणं त्यांना जड जाणार होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. तरी त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग कारकुनाला म्हणाल्या, “हिचं नाव यादीत घ्या. उशीर आपल्याकडून झाला, असा शेरा मी मारते.”

बाहेर आल्यावर सावित्रीबाई एकीकडे डोळे पुसत होती आणि एकीकडे हसत होती. तृप्ती तडक लताबाईंच्या टेबलापाशी गेली. ती इतकी खुशीत होती, की बाईंना थोडं चिडवल्याशिवाय तिला राहवेना.

“जागा मिळाली, मावशी! पण बरं का, टाइप करताना तुमच्याकडून मेकचं टेक झालं होतं. नशीब, ते माझ्या पथ्यावर पडलं.”

लताबाईंनी प्रिंटरमध्ये पुढचा कागद घातला.

“झालं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. “केलं होतं.”