रिकाम्या नळीचा आकडा

वायू भरलेल्या नळीतून हजार वेगवान आयन गेले. त्यांतल्या तीनशे बारांचा एकेक इलेक्ट्रॉन उडाला. माझा अख्खा प्रबंध याच आकड्यावर उभा होता.

"आणि नळी रिकामी असताना किती?" माझ्या मार्गदर्शक गाडेकर मॅडमनी विचारलं.

"चार. मृण्मयीताईच्या वहीत आहे."

"ती वही पाच वर्षांपूर्वीची. तू मोजलंस का?"

मोजला नव्हता. मृण्मयीताई प्रबंध संपवून गेल्यापासून लॅबमध्ये सगळे तोच आकडा उतरवून घेत.

"मग आत्ता मोज. परवा प्रबंध द्यायचाय ना?"

मी वायूची झडप बंद करून नळी निर्वात केली. आकडा चारच्या आसपास आला, तर इलेक्ट्रॉन वायूनेच उडवले होते. नाहीतर तीन वर्षं मी वायूचा नव्हे, वाटेतल्या कुठल्यातरी गळतीतून शिरलेल्या हवेचा परिणाम मोजत होते.

मोजणी सुरू झाल्यावर पडद्याकडे बघवेना, म्हणून पाठ फिरवली. मॅडमनीच आकडा वाचला.

"हजारात तीनशे नऊ."