कॅलेंडरवरचा दत्ताराम
लिली तुस्कानो दहा वर्षं दर शुक्रवारी शारजाहून दुबईतल्या जबल अलीच्या लेबर कॅम्पवर जाऊन तिथल्या कामगारांना चित्रकला शिकवत होती. त्यांची चित्रं कुठेतरी मांडली जावीत म्हणून तिनं किती ऑफिसांचे उंबरठे झिजवले होते. दोन हजार साली प्रदर्शन भरलं, पण पहिलं बक्षीस तिनं स्वतः काढलेल्या चित्राला मिळालं: फाटक्या बनियनमध्ये खाटेवर बसून डाळभात जेवणारा तिचा विद्यार्थी, दत्ताराम. तिथल्या मराठी मंडळानं ते चित्र नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापलं आणि सुट्टीवर जाणाऱ्यांनी ती कॅलेंडरं कोकणात घरोघर नेली. तेव्हापासून दत्ताराम वर्गाला येईना. चौथ्या शुक्रवारी लिली त्याच्या खोलीवर गेली. "बरं नाही का, दत्तारामभाऊ?" "बरा आहे, टीचर." त्यानं खाट झटकून तिला बसायला दिली. "मी इथे ऑफिसात आहे असं सांगून मुलीचं लग्न ठरवलं होतं. कॅलेंडर व्याह्यांच्या घरी पोचलं. परवा त्यांनी नकार कळवला." "मला... लोकांना तुमचे हाल दाखवायचे होते," ती कशीबशी म्हणाली. "हाल कसले? जेवत होतो मी, टीचर." त्याच्या आवाजात राग नव्हता. "आधी विचारलं असतंत तर शर्ट घालून बसलो असतो." तिनं मान खाली घातली. "मंडळाला सांगते, उरलेली कॅलेंडरं थांबवते," ती पुटपुटली. "खलास झाली ती. सगळी वाटून झाली." मग तो बाहेर गेला आणि मेसमधून तिच्यासाठी चहा घेऊन आला.